साडेचार एकर, दोन पिंपं, ६०० बाटल्या: रोमाने-कोंती १९४५

बुचकळ्या

ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात रेड वाइनची एक बाटली ५,५८,००० डॉलरला गेली. पेटी नाही, एक बाटली, ७५० मिली. तेव्हाच्या भावाने चार कोटी रुपयांच्या वर. लिलाववाल्यांचा स्वतःचा अंदाज होता जास्तीत जास्त ३२,००० डॉलरचा. थोड्याच वेळात तशीच दुसरी ४,९६,००० ला गेली. आपल्याकडे पेपरात कोपऱ्यात चौकट आली आणि 'लोकांना पैसा झालाय जड' म्हणून सगळ्यांनी पान उलटलं. पैसा जड झालाय हे खरंच, पण त्या बाटलीत नेमकं काय होतं हे कुणी नीट लिहिलं नाही म्हणून हा धागा. ज्यांना दारू हा विषयच नको त्यांना इथूनच रामराम.

वाइन रोमाने-कोंती, साल १९४५. बर्गंडीत दिजाँच्या दक्षिणेला कोत द न्युई नावाचा टेकडीचा लांबच लांब उतार आहे, त्यावर व्होन-रोमाने हे गाव. गाव म्हणजे अगदीच एवढंसं, एक चर्च, चार गल्ल्या, बाकी द्राक्षं. गावाच्या मागे उताराच्या मध्यावर रोमाने-कोंतीचा तुकडा आहे, १.८१ हेक्टर, म्हणजे आपले साडेचार एकर. उत्तरेला रिशबूर, वरच्या अंगाला ला रोमाने, खालच्या अंगाला रोमाने-सें-व्हिव्हाँ, दक्षिणेला ला ग्रांद रू. हे शेजारीपण सगळे बडे लोक आहेत, द्राक्ष सगळीकडे एकच, पिनो न्वार, मध्ये नुसता दगडी बांध नाहीतर बैलगाडीएवढा रस्ता. तरी बांधाच्या अलीकडची बाटली नि पलीकडची बाटली यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. चुनखडीवर चिकणमातीचा बेताचा थर, पूर्वेकडे तोंड म्हणून सकाळचं ऊन, पाणी तुंबत नाही, एवढं सगळे सांगतात. पण हे थोड्याफार फरकाने शेजाऱ्यांनाही आहेच की.

आता मालकी. आधी सें-व्हिव्हाँच्या मठाची जमीन. मग १६३१ पासून क्रोनेंबूर घराण्याकडे. १७६० मध्ये लुई-फ्राँस्वा द बूरबाँ, म्हणजे कोंतीचा राजपुत्र, याने ती अव्वाच्या सव्वा भाव देऊन घेतली. पंधराव्या लुईच्या दरबारातली मादाम द पाँपादूर हीसुद्धा या बागेवर टपून होती आणि राजपुत्राने तिच्या नाकावर टिच्चून घेतली अशी गोष्ट सांगतात, गोष्टच आहे, पण दोघांचं हाडवैर होतं हे खरं. घेतल्यावर या गृहस्थाने वाइन बाजारात जाऊच दिली नाही, सगळी घरच्या पंगतीला. मग क्रांती झाली, मुलाकडून बाग जप्त झाली, १७९४ मध्ये सरकारने लिलावात काढली, आणि गंमत बघा, 'रोमाने'च्या मागे 'कोंती' लागलं ते तेव्हा. राजपुत्राची जमीन काढून घ्यायची आणि भाव यायला त्याचंच नाव लावायचं. ब्रँडिंग काही आजचं नाही.

पुढे हस्ते परहस्ते १८६९ मध्ये द्यूव्हो-ब्लोशे नावाच्या माणसाने घेतली, आजच्या मालकांपैकी एक घराणं, द व्हिलेन, त्याच्याच वंशातलं. या इस्टेटीचं नाव दोमेन द ला रोमाने-कोंती, लोक नुसतं डीआरसी म्हणतात. १९३३ मध्ये त्यांनी जवळचीच ला ताशपण घेतली, आज ती सहा हेक्टर आहे. या दोन्ही बागा पूर्ण त्यांच्या एकट्याच्या.

आता मुद्द्याचं. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फायलोक्सेरा नावाची कीड फ्रान्समध्ये आली. मावा-तुडतुड्याच्या जातीची, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी, मुळातला रस शोषते, मूळ सडतं, वेल बसते. १८६८ मध्ये माँपेल्येच्या प्लाँशो नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती ओळखली, १८७८ पर्यंत ती बर्गंडीत पोचली. शेवटी इलाज असा निघाला की अमेरिकन जंगली वेलाच्या मुळांना हिचं काही वाटत नाही, तर खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच काडी. हळूहळू जवळजवळ सगळा फ्रान्स कलमावर गेला.

रोमाने-कोंतीवाल्यांनी ते केलं नाही. त्यांनी कार्बन डायसल्फाइड जमिनीत टोचायला सुरुवात केली. लांब नळीच्या पंपाने वेलीभोवती भोकं पाडून हे घाण वासाचं, पटकन पेट घेणारं रसायन आत सोडायचं, किडी मरतात, पण समूळ जात नाहीत, म्हणून पुन्हा, पुढच्या वर्षी पुन्हा. खर्च अफाट, मजूर अफाट. हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं, कारण त्यांना त्या वेली स्वतःच्या मुळावर हव्या होत्या. मग दुसरं महायुद्ध आलं. रसायन मिळेना, माणसं मिळेनात, वेली खंगत गेल्या. १९४५ च्या वसंतात थंडीने नि गारपिटीने उरलंसुरलं झोडपलं, त्यावर उन्हाळा तापला. जे काही चार घड हाताला लागले त्याची वाइन झाली ६०० बाटल्या. बर्गंडीचं पिंप २२८ लिटरचं असतं, म्हणजे दोन पिंपं. एरवी या बागेतून वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या निघतात.

आणि त्या हंगामानंतर बाग उपटली. १९४७ मध्ये ला ताशमधून निवडलेल्या काड्या अमेरिकन खुंटावर भरून नव्याने लावली. १९४६ ते १९५१ रोमाने-कोंती नावाची वाइनच नाही, थेट १९५२.

माझं म्हणणं एवढंच की ते साडेपाच लाख डॉलर चवीचे नाहीत. फ्रान्समधल्या सगळ्यात नावाजलेल्या बागेच्या जुन्या मुळांचा तो शेवटचा रस आहे आणि तो पुन्हा कधीच होणार नाही, भाव त्याचा आहे. मंडळी, बोला.

कोरडा_दिवस

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

हिशोब करून पाहिला. एक मिली म्हणजे साधारण ५५ हजार रुपये. खोकल्याच्या औषधाचा चमचा पाच मिलीचा असतो, म्हणजे चमचाभर पावणेतीन लाख. यात ग्लासाच्या तळाशी जे उरतं ते धुवायला टाकायची हिंमत कोण करणार?

सोनचाफा

मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक अडाणी प्रश्न. वेली शेकडो वर्षं जुन्या होत्या का? म्हणजे त्या मठवाल्यांनी लावलेल्याच? द्राक्षाचा वेल एवढा जगतो?

बुचकळ्या

नाही, एकेक वेल एवढी जगत नाही. पण ते नवीन रोप बाहेरून आणायचेच नाहीत. जुन्या वेलीची काडी वाकवून मातीत पुरायची, तिला मुळं फुटली की तीच नवी वेल, जुनी कालांतराने जाते. म्हणजे आपलं दाब कलम. वडाच्या पारंब्यांसारखं, झाड चालत जातं पण झाड तेच. त्यामुळे बागेत ओळी वगैरे नव्हत्याच, वेली वाट्टेल तिथे उगवल्यासारख्या दाटीवाटीने, त्यात घोडा घालता येत नाही, सगळं काम कुदळीने. आता तिथे सरळ ओळी आहेत.

पिंपळगावचा_बागायतदार

राम राम. वाइनमधलं मला शष्प कळत नाही, पण द्राक्ष लावण्यात आयुष्य गेलं म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे उत्पन्न. ६०० बाटल्या म्हणजे साडेचारशे लिटर. त्याला माल लागला असेल साडेसहाशे-सातशे किलो. साडेचार एकरात! एकरी दीड क्विंटल! आमच्याकडे खायच्या द्राक्षाला एकरी दहा-बारा टन निघतो, वाइनच्या द्राक्षाला मुद्दाम कमी ठेवतात तरी चार-पाच टन. दीड क्विंटल हे उत्पन्न नाही, ते पक्ष्यांनी टाकून दिलेलं आहे. बाग उपटली यात नवल काही नाही, उलट एवढी वर्षं कशी ठेवली याचं नवल.

दुसरं, तुमच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. काडी तीच असली तर द्राक्ष तेच. मूळ पाणी नि अन्न देतं, चवीची जात काडीत असते. आमच्या वडलांची थॉमसन जातीची द्राक्षं स्वतःच्या मुळावर होती. नव्वदच्या दशकात दुष्काळ पडला, बोअरचं पाणी खारं झालं, पानं कडेनं जळायला लागली, तेव्हा सगळ्या तालुक्यानं डॉगरिज नावाचा खुंट लावून त्यावर डोळे भरले, म्हणजे कलम केलं. आपल्याकडे खुंट आला तो किडीमुळे नाही, पाण्यामुळे. तेव्हासुद्धा म्हातारी माणसं म्हणायची आता पहिल्यासारखी गोडी राहिली नाही. व्यापाऱ्यानं काही भाव कमी केला नाही.

शंकेखोर

बागायतदारसाहेबांना +१००. 'जुन्या मुळांचा शेवटचा रस' ही सगळी लिलावाच्या कॅटलॉगची भाषा आहे. डोळे बांधून दिलं तर १९४५ आणि १९५२ मधला फरक किती जण ओळखतील? भाव ६०० या आकड्याचा आहे. उद्या एखाद्या छपाई चुकलेल्या टपाल तिकिटाला दोन कोटी मिळाले तर त्यात कागदाच्या चवीचा संबंध असतो का.

बुचकळ्या

@शंकेखोर, अहो मीच लिहिलंय की भाव चवीचा नाही. तुम्ही माझ्याच अंगणात येऊन माझ्याशीच भांडताय :)

@बागायतदार, तुमचा मुद्दा तोलामोलाचा आहे. वंश काही गेला नाही हे बरोबरच, काडी तीच पुढे आली. पण मला वाटतं गेलं ते वय. १९५२ ची वाइन झाली तेव्हा नवी वेल पाच वर्षांची होती. पाच वर्षांच्या वेलीची मुळं कुठपर्यंत गेली असणार? म्हातारी वेल कमी घड धरते, मुळं चुनखडीच्या भेगांतून खोल उतरलेली असतात, दोन दिवस पाऊस लागला तरी फुगत नाही आणि पंधरा दिवस नाही पडला तरी मान टाकत नाही. यात तरी तुम्ही माझ्या बाजूने ना?

पिंपळगावचा_बागायतदार

वयाचं मान्य. तरणी बाग माल भरभरून देते पण माल पाणचट असतो, त्यात वाद नाही. आम्ही तर वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलात खरड नि ऑक्टोबरात गोडी, त्यामुळे आमच्या बागा लवकर थकतात, वीस वर्षांची बाग म्हणजे लोक विचारतात अजून ठेवली का. तिकडे थंडीत वेल झोपते, एकच छाटणी, म्हणून टिकते.

आणि एक गंमत सांगतो, आमच्या कृषी अधिकाऱ्यानं एकदा शिबिरात सांगितली होती. हा डॉगरिज खुंट टेक्सासचा, तिथला जंगली वेल, तो निवडला टी. व्ही. मन्सन नावाच्या माणसानं. आणि फ्रान्समध्ये ही कीड आली तेव्हा तिकडे अमेरिकेतून खुंट पाठवणाऱ्यांत हाच मन्सन पुढे होता, फ्रेंच सरकारनं त्याला मानाचं पदकपण दिलं. तेव्हा ज्या माणसानं तुमची बर्गंडी वाचवायला हातभार लावला त्याचाच खुंट आमच्या पिंपळगावात जमिनीखाली आहे.

ल्योंवासी

बागायतदार काका, दंडवत!! हे मला ठाऊक नव्हतं.

थोडी भर घालते. खुंटाचं तिकडे एवढं सरळ नव्हतं. पहिले जे अमेरिकन खुंट आले ते चुनखडीच्या जमिनीत तग धरेनात, पानं पिवळी पडायची. बर्गंडी, कोन्याक, सगळीकडे चुनखडीच. म्हणून मुद्दाम चुनखडीत वाढणारी जात शोधायला माणसं टेक्सासला पाठवावी लागली, त्यात हे मन्सन भेटले. मन्सनच्या गावाचं, डेनिसनचं, आणि कोन्याकचं म्हणूनच अजून भगिनी-शहरांचं नातं आहे. त्यामुळे डीआरसीवाल्यांनी कलमाला नाकं मुरडली ती नुसती हौस नव्हती, सुरुवातीला कलमं खरंच फसत होती.

आता बागेबद्दल. ल्योंहून गाडीने दीड-दोन तासाचा रस्ता असल्यामुळे घरी पाहुणे आले की नेतेच. पाहुणे तिथे उभे राहून म्हणतात, हेच का? कारण बघण्यासारखं काही नाही. गुडघ्याएवढा दगडी बांध, कोपऱ्यात दगडी क्रूस, आणि एक पाटी, की इथे खूप लोक येतात हे आम्ही समजू शकतो पण कृपया रस्त्यावरच राहा, बागेत पाय टाकू नका. कुंपण नाही, पहारा नाही. जमीन लालसर, बारीक खडी मिसळलेली, वेली कमरेपर्यंतसुद्धा येत नाहीत. सप्टेंबरात गेलात तर घड इतके छोटे दिसतात, मुठीत मावतील, मणी जवळजवळ काळे आणि एकमेकांना चिकटलेले. घोड्याने नांगरलेली ओळ दिसली तर आश्चर्य वाटायला नको, ट्रॅक्टरने माती दबते म्हणून त्यांनी घोडे परत आणलेत. रासायनिक काही वापरत नाहीत, २००७ पासून सगळी इस्टेट बायोडायनॅमिक, म्हणजे एक प्रकारची सेंद्रिय शेतीच, आहे.

कोरडा_दिवस

कुंपण नाही? चार कोटीच्या बाटलीच्या बागेला कुंपण नाही? आमच्या सोसायटीत कढीपत्त्याला कुंपण आहे.

खडीसाखर

कुंपण नाही याचा फायदा घेऊन झालाय की. जानेवारी २०१० मध्ये इस्टेटीचे तेव्हाचे प्रमुख ओबेर द व्हिलेन यांच्याकडे एक पार्सल आलं. आत बागेचा अतिशय बारकाईने काढलेला नकाशा, वेलीन्‌वेल दाखवलेली. नंतर चिठ्ठी, दहा लाख युरो द्या नाहीतर वेलींना विष घालतो, आणि खरं वाटत नसेल तर अमुक दोन वेली बघा. त्या दोन वेलींच्या बुंध्यात खरोखर भोक पाडून विष सोडलेलं होतं. पोलिसांनी खोट्या नोटांची पिशवी सांगितलेल्या ठिकाणी ठेवली, ते ठिकाण म्हणजे शाँबोल-म्युझिन्यीचं कब्रस्तान (काय निवड आहे!), तो न्यायला आला आणि सापडला. जुना गुन्हेगार होता, त्याच वर्षी तुरुंगात आत्महत्या केली. शेजारच्या एका नामांकित इस्टेटीलाही अशीच धमकी गेली होती.

पण खरी फसवाफसवी बागेत नाही, बाटलीत झाली आणि धागाकर्त्याने तिचा उल्लेखसुद्धा केलेला नाही, त्याशिवाय २०१८ चा भाव कळणारच नाही.

रुडी कुर्नियावान. मूळ इंडोनेशियाचा, कॅलिफोर्नियात राहणारा तरुण पोरगा, २००० नंतर एकदम जुन्या वाइनच्या बाजारात उगवला. डीआरसीच्या बाटल्या इतक्या घ्यायचा की लोक त्याला 'डॉक्टर कोंती' म्हणायचे. २००६ मध्ये त्याच्या तळघरातल्या वाइनचे दोन लिलाव झाले, मिळून साडेतीन कोटी डॉलर. पार्ट्या द्यायचा, दुर्मिळ बाटल्या फोडायचा, आणि रेस्टॉरंटला सांगायचा की रिकाम्या बाटल्या घरी पाठवून द्या, आठवण म्हणून. आठवण कसली, भांडवल ते.

पकडला गेला तो एका शेतकऱ्यामुळे. एप्रिल २००८ च्या लिलावात याने दोमेन पाँसो या बर्गंडीतल्या इस्टेटीच्या क्लो सें-दनी नावाच्या वाइनच्या बाटल्या ठेवल्या, सालं १९४५ ते १९७१. लोराँ पाँसो हा त्या इस्टेटीचा मालक, त्याने कॅटलॉग बघितला आणि विमान पकडून न्यूयॉर्क गाठलं, कारण त्यांच्या घराने ती वाइन करायला सुरुवातच मुळी १९८२ मध्ये केली होती. त्याच्या समोर तो लॉट मागे घ्यावा लागला. मार्च २०१२ मध्ये एफबीआयने घरावर छापा टाकला तर सिंकमध्ये बाटल्या भिजत घातलेल्या, लेबलांचे गठ्ठेच्या गठ्ठे, बुचं, शिक्के, आणि स्वस्त बाटल्यांवर मार्करने लिहिलेलं की ही कशात मिसळायची. डिसेंबर २०१३ ला दोषी ठरला, २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, तुरुंगातून सुटल्यावर २०२१ मध्ये देशाबाहेर हाकलला.

त्याने विकलेला माल सगळा काही परत आला नाही. कुणाच्या तरी तळघरात आहे, कुणीतरी पिऊन 'वा' म्हणून मोकळा झालाय. मग १९४५ सारख्या सालाची बाटली समोर आली की पहिला प्रश्न चव नाही, भाव नाही, पहिला प्रश्न ही आली कुठून. आता सांगा २०१८ च्या बाटल्या कुणाच्या होत्या?

बुचकळ्या

खडीसाखर, तोंडचा घास काढलात, पुढच्या प्रतिसादात तेच लिहिणार होतो. असो. त्या बाटल्या बोन गावच्या रोबेर द्रुएँ यांच्या खाजगी तळघरातल्या. द्रुएँ म्हणजे तिथलं मोठं व्यापारी घराणं आणि १९२८ पासून १९६४ पर्यंत फ्रान्स-बेल्जियममध्ये डीआरसीची वाइन विकण्याचं काम यांच्याकडेच होतं. म्हणजे बाटली इस्टेटीतून निघाली ती थेट काही मैलांवरच्या त्यांच्या तळघरात गेली आणि सत्तर वर्षं तिथेच पडून राहिली. मध्ये दलाल नाही, बोटीचा प्रवास नाही, कुणाचं गरम गोडाऊन नाही. ३२ हजाराचा अंदाज साडेपाच लाखांवर गेला त्यातला मोठा हिस्सा या तळघराचा आहे हे मला मान्य. माझ्या मूळ मुद्द्यात एवढी दुरुस्ती तुमच्या नावाने जमा.

ल्योंवासी

द्रुएँ म्हटलं की ती भिंत आठवते. १९४० मध्ये जर्मन येणार हे दिसल्यावर रोबेरच्या वडलांनी, मोरीस द्रुएँ यांनी, तळघराचा एक भाग भिंत बांधून बंद केला, आत चांगली चांगली वाइन, त्यात रोमाने-कोंतीपण. नवी भिंत नवी दिसणारच, म्हणून रोबेर आणि भावंडं, तेव्हा अगदी लहान, तळघरभर कोळी पकडत फिरायची आणि त्या भिंतीपाशी आणून सोडायची, जाळी धरावीत म्हणून. पुढे मोरीस जर्मनांविरुद्धच्या प्रतिकाराच्या चळवळीत असल्यामुळे गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, घरी आले तेव्हा ते याच तळघरांच्या बोगद्यांतून निसटले आणि बोनच्या जुन्या धर्मादाय इस्पितळात लपून राहिले. नंतर उपकार म्हणून इस्पितळाला त्यांनी द्राक्षबाग दिली.

१९४५ च्या बाटल्या अर्थातच त्या भिंतीमागच्या नव्हेत, ती वाइन नंतरची. पण तळघर तेच.

सोनचाफा

कोळी!! माझ्या मुलाला आत्ता ही गोष्ट सांगितली, तो म्हणतोय आपल्या माळ्यावर आधीच आहेत, आपण काय लपवलंय?

आता इस्टेटीचं सांगा ना. साडेचार एकर एकाच मालकाकडे इतकी वर्षं कसे राहिले? फ्रान्समध्ये मुलांत वाटण्या होत नाहीत का?

बुचकळ्या

होतात, आणि नेपोलियनच्या कायद्यामुळे अगदी काटेकोर समान होतात. म्हणून तर बर्गंडीचं हे असं झालंय. जवळच क्लो द व्हूजो म्हणून मठवाल्यांची एकच सलग बाग होती, पन्नास हेक्टर, आज तिचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत, कुणाकडे चार ओळी कुणाकडे दहा. आपल्या गावाकडच्या सातबाऱ्यावरची नावं आठवा.

रोमाने-कोंती यातून वाचली ती १९४२ मुळे. तेव्हाच्या दोन भागीदारांपैकी जाक शाँबोंने आपला अर्धा हिस्सा विकायला काढला, तो आँरी लरुआ या व्यापाऱ्याने घेतला, आणि त्या वेळी इस्टेटीची कंपनी केली. जमीन कंपनीची, वारसांना मिळतात ते शेअर. तेव्हापासून अर्धं द व्हिलेन घराण्याकडे, अर्धं लरुआंकडे, आणि दोन्ही घरातला एकेक माणूस मिळून कारभार बघतो.

बांधावरची भांडणं मात्र कंपनीने मिटत नसतात. १९७४ पासून ओबेर द व्हिलेन आणि आँरी लरुआंची मुलगी लालू बीझ-लरुआ असे दोघे कारभारी. लालूबाई म्हणजे जबरदस्त जिभेची बाई, अख्खी बर्गंडी टरकून असायची. पण १९८८ मध्ये त्यांनी त्याच गावात स्वतःची वेगळी इस्टेट उभी केली, म्हणजे भागीदारही आणि प्रतिस्पर्धीही, वर विक्रीच्या वाटपावरून खटके. १९९२ च्या सुरुवातीला त्यांना कारभारातून काढलं आणि त्यात सख्खी बहीण विरुद्ध बाजूला उभी होती. भाऊबंदकी फक्त आपल्याकडेच असते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. त्यांच्या स्वतःच्या इस्टेटीच्या बाटल्या आज डीआरसीच्या तोडीस तोड भावाने जातात, सूड म्हणावा तर हाच.

खडीसाखर

ओबेर द व्हिलेन पण आता कारभारातून बाजूला झालेत, २०२२ पासून पुतण्या बेरत्राँ बघतो, लरुआंकडून लालूबाईंची मुलगी पेरीन फनाल. म्हणजे ज्या आईला काढलं तिची मुलगी त्याच खुर्चीवर. मालिका काढली तर हजार भाग कुठे गेले नाहीत.

ओबेर यांचं एक मोठं काम राहिलंच, बर्गंडीच्या बाराशेहून जास्त छोट्या छोट्या बागांचे तुकडे २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यामागे ते होते.

कोरडा_दिवस

अवांतर: मादाम पाँपादूर बाईंना फ्रान्समध्ये बाग मिळाली नाही पण नारायणगावात मिळाली. आपल्या इंडाज या वाइन कंपनीने ऐंशीच्या दशकात फ्रेंच लोकांची मदत घेऊन फसफसणारी वाइन काढली होती, परदेशात 'ओमर खय्याम' आणि देशात 'मार्कीझ द पाँपादूर'. आमच्या काकांच्या शोकेसमध्ये रिकामी बाटली मनीप्लांट घालून होती, मला लहानपणी वाटायचं पाँपादूर हे झाडाचं नाव आहे.

शंकेखोर

सगळं वाचलं, रंजक आहे, तरी मूळ शंका तशीच. सत्तर वर्षांनी ती वाइन पिण्यासारखी असते का? पिनो न्वार ही काही घट्ट, कडक वाइन नव्हे. आणि विकत घेणारा ती उघडणार आहे का? की एका तळघरातून दुसऱ्या तळघरात, फक्त आकडा बदलून?

बुचकळ्या

पिण्यासारखी असू शकते, खात्री कुणीच देत नाही. रंग विटकरी होतो, तळाशी गाळ बसतो, फळाचा वास जाऊन सुकलेल्या गुलाबाचा, ओल्या पाल्याचा, अळंबीचा वास येतो. बाटल्या चांगल्या थंड ओलसर तळघरात न हलवता ठेवलेल्या हव्यात, बूच सुकलं की हवा आत गेली आणि व्हिनेगर. म्हणून जुनी बर्गंडी घेताना वाइन बुचाखाली किती सेंटीमीटर उतरलीय हे मोजतात. उतरणं थोडं असेल तर ठीक, फारच कमी असेल तर उलट संशय घ्यायचा, कुणी भर तर घातली नाही ना.

उघडणार का याचं उत्तर घेणाऱ्यालाच ठाऊक, त्याचं नाव बाहेर आलेलं नाही. मला विचाराल तर उघडावी. शोभेला ठेवायची तर कोंतीच्या राजपुत्राने एवढा पैसा मोजून काय उपयोग, त्याने निदान पंगतीत वाढली तरी.

पिंपळगावचा_बागायतदार

उघडलीच पाहिजे. माल पिकवलाय तो खायला-प्यायला.

एक विचारायचं होतं. ती १९४५ ची वाइन केली त्या गड्यांना काय मिळालं? आणि एवढी नावाजलेली वाइन, तर इस्टेटवाले आता विकतात कशी, लिलावातच का?

ल्योंवासी

काका, १९४५ चं नाही सांगता येणार. आता इस्टेट लिलावात विकत नाही, ठरलेल्या व्यापाऱ्यांना ठरलेला कोटा मिळतो, आणि नुसती रोमाने-कोंती मागितली तर देत नाहीत. वर्षानुवर्षं पद्धत अशी की बारा बाटल्यांची मिश्र पेटी घ्या, त्यात ला ताश, रिशबूर, एशेझो वगैरे आणि रोमाने-कोंती एकच. प्रत्येक बाटलीवर नंबर. पेटी घेणारा माणूस ती एक काढून दामदुप्पट, दसपट भावाने बाहेर विकतो आणि मग लिलाव. म्हणजे भाव चढतो तो इस्टेटीच्या फाटकाबाहेर. आपल्या कांद्याचं जे होतं तेच, फक्त इथे शेतकरीपण उपाशी नाहीये.

सोनचाफा

शेवटचा प्रश्न, मग साध्या माणसाने या मातीतलं काही चाखायचं असेल तर? चार कोटी सध्या हाताशी नाहीत.

ल्योंवासी

व्होन-रोमाने गावाच्या मागची टेकडी चढून वर गेलं की ओत-कोत द न्युई लागतं. द्राक्ष तेच पिनो न्वार, जमीन थोडी उंचावरची, थंड, बाटली आपल्याला परवडेल अशी. छोट्या शेतकऱ्याच्या दारात गाडी लावायची, आधी फोन करून जायचं, तो तळघरात नेऊन पिंपातली चाखायला देतो. लेबलवर साल बघून घ्या, त्या उंचीवर थंड वर्षात फळ नीट पिकत नाही, गरम साल असेल तर डोळे झाकून घ्या. भारतात मागवत बसू नका, आयातीवर बरीच वर्षं १५० टक्के शुल्क लागत आलंय, शिवाय राज्याचा कर वेगळा. येताना बॅगेत दोन बाटल्या आणता येतात, कस्टमच्या मर्यादेत बसतात. मोज्यात गुंडाळा आणि कपड्यांच्या मधोमध ठेवा.

कोरडा_दिवस

मोजे धुतलेले असावेत ही नम्र सूचना. नाहीतर ओल्या पाल्याचा आणि अळंबीचा वास कशाचा यावर नवीन धागा काढावा लागेल.